ग्रेटची चामखीळ

"बारा मुखवटे? बाराच ना? अरे ओटोकार, चोवीस सांगितले असतेस तरी मी हूं की चूं केलं नसतं!"

वेंडेलिन फेरेनबाखर भरसभेत हे बोलला आणि वर बिअरचा पेला उचलून सगळ्यांना दाखवला. दोन्ही हातांनी. एका हाताने पेला उचलणं बंद होऊन त्याला दोन वर्षं झाली होती. पण ही गोष्ट गावात कुणाच्याही लक्षात आलेली नाही, अशी त्याची पक्की समजूत होती. माणसाने समजुती बाळगाव्यात, त्याला पैसे पडत नाहीत.

सभा होती ओबरहाल्डनच्या मुखवटा मंडळाची. आता ओबरहाल्डन म्हणजे वरचं गाव आणि उंटरहाल्डन म्हणजे खालचं गाव. मधे एक ओढा, एक लाकडाची वखार आणि दोनशे वर्षांचं वैर. दोन्ही गावांत ईस्टरपूर्वीच्या उपासाच्या आधी फास्नेटचा सण येतो, दोन्ही गावांतली माणसं लाकडी मुखवटे चढवून रस्त्यावर नाचतात आणि दोन्ही गावांचं सोंग एकच! दात पडलेली, फिदीफिदी हसणारी, मोठ्या नाकाची म्हातारी ग्रेट. एके काळी मंडळही एकच होतं. मग वाइनच्या एका पिंपावरून फाटलं आणि फाटल्यावर ग्रेट कुणाची हा प्रश्न आला. तेव्हा शहाण्या लोकांनी तोडगा काढला, की वरच्या गावाच्या ग्रेटला चामखीळ उजव्या गालावर आणि खालच्या गावाच्या ग्रेटला डाव्या. बाहेरचा माणूस दोन्ही मुखवटे शेजारी ठेवून तासभर बघेल आणि म्हणेल, "एकच तर आहेत!" असं म्हणणाऱ्या एका पाहुण्याला वरच्या गावात एकदा जेवण मिळालं नव्हतं.

तर मंडळात बारा नवे सभासद आले होते आणि त्यांना सहा जानेवारीला, म्हणजे तीन राजांच्या दिवशी, मुखवटे द्यायचे होते. त्या दिवशी जुने मुखवटे पेटीतून काढून कोल्ह्याच्या शेपटीने झटकतात आणि नवे गावासमोर उघडतात. उघडण्याआधी कोरणाऱ्याने उजवा हात वर करून शपथ घ्यायची असते: "लाकूड लिंडनचं, हात माझे, यंत्र नाही." ही शपथ वेंडेलिनच्या पणजोबांनी घेतली, आजोबांनी घेतली, बापाने घेतली आणि गेली चाळीस वर्षं वेंडेलिन घेत होता. गावाची ग्रेट कोरणारा म्हणून लोक त्याला रस्त्यात टोपी काढून नमस्कार करत. त्याच्याकडे मिरवण्यासारखं तेवढं एकच होतं.

आणि नेमकं तेच हातातून निसटत होतं. उजव्या हाताच्या पेरांना गाठी आल्या होत्या. दोन बोटांना तर छिन्नी धरलीय की गाजर, हेही कळेनासं झालं होतं. गेल्या वर्षी एक मुखवटा कोरायला त्याला सात आठवडे लागले. आता हातात होते आठ आठवडे आणि मुखवटे बारा!

घरी आल्यावर बायकोने, रोझविथाने, एवढंच विचारलं, "किती?"

"बारा."

"आणि तू काय म्हणालास?"

"म्हटलं, चोवीस सांग."

रोझविथाने हातातलं भांडं खाली ठेवलं. "अरे, तुला सकाळी शर्टाची बटणं मी लावून देते!"

"ते मंडळाला कुठे माहितीय?"

"मग सांग ना त्यांना! हात थकले म्हणून सांगायला लाज कसली?"

"सांगू? आणि ते काय करतील? कारखान्यातून प्लास्टिकच्या ग्रेट आणतील! चार पिढ्यांचं काम माझ्या बोटांपाशी येऊन संपलं, असं सांगू?" वेंडेलिनचा आवाज चिरकला. मग तो हळूच म्हणाला, "आपण मशीन घेऊया."

रोझविथा त्याच्याकडे वळली. "आणि शपथ?"

"शपथ सहा जानेवारीला आहे. आज अकरा नोव्हेंबर आहे."



मशीन मिळालं ते एका बंद पडलेल्या शवपेट्यांच्या कारखान्यातलं. भलं दणकट, लाकूड लोण्यासारखं कापणारं. त्याच्यासोबत त्याचा म्हातारा कॉम्प्युटर आला आणि कॉम्प्युटरमधे नक्षीचं सॉफ्टवेअर, व्हर्जन सात. इकडे मंडळाची मूळ ग्रेट, जी वेंडेलिनच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेली असे, ती रोझविथाने पावाच्या टोपलीत फडक्याखाली लपवून फ्रायबुर्ग शहरात नेली. तिथे एका दुकानाने तिचं चहूबाजूंनी मोजमाप घेऊन फाईल बनवून दिली. सॉफ्टवेअर तेच, कंपनी तीच. फक्त व्हर्जन बारा. त्यासाठी रोझविथाने नवा लॅपटॉप घेतला आणि चार दिवसांत शिकलीही. वेंडेलिन म्हणाला, "आता काय, इकडून काढायची, तिकडे घालायची, बटण दाबायचं. नाताळच्या आत मोकळा!"

पहिल्या दिवशी त्यांनी लिंडनचा सुंदर ठोकळा मशीनला आवळला. फाईल घातली. पडद्यावर अक्षरं आली: ही फाईल वेगळ्या व्हर्जनची आहे, पुढे जायचं?

"म्हणजे काय?" रोझविथाने विचारलं.

"म्हणजे पुढे जायचं!" वेंडेलिन म्हणाला आणि बटण दाबलं.

मशीन चाळीस मिनिटं घरघरलं. भुसा उडाला. वेंडेलिन हात मागे बांधून उभा राहिला. काम चाललंय आणि आपले हात दुखत नाहीत, हे सुख त्याला फार वर्षांनी मिळत होतं. मग मशीन थांबलं, भुसा झटकला आणि ठोकळ्यावर दिसली एक लिलीची फांदी. खाली वळणदार अक्षरांत: "शांत झोप." नवी फाईल त्या कॉम्प्युटरला वाचताच आली नव्हती, म्हणून त्याने शहाणपणा करून कारखान्यातली शेवटची फाईल चालवली होती.

"चांगला शकुन आहे," रोझविथा म्हणाली.

तेवढ्यात खिडकीवर टकटक. शेजारीण आफ्रा! आणि आफ्रा नुसती शेजारीण नव्हे, मंडळाचा अध्यक्ष ओटोकार याची बायको.

"अगं रोझविथा, हा घरघर आवाज कसला गं?"

"आवाज? तो होय? पीठ मळायचं यंत्र! नाताळची बिस्किटं करतेय!"

"चाळीस मिनिटं मळतेयस? किती करतेयस तरी किती?"

"करतेय आपली... बरीच."

आफ्रा गेली. जाताना हसत गेली, आणि ते हसू रोझविथाला काही बरं वाटलं नाही.

मग सॉफ्टवेअर कंपनीच्या मदत केंद्राला फोन झाला. तिकडून उत्तरेकडचा, इस्त्री केल्यासारखा आवाज आला, "नमस्कार, माझं नाव टोर्बेन. आपली अडचण ऐकून मला मनापासून वाईट वाटलं."

"मी अजून सांगितलीच नाहीये!" वेंडेलिन ओरडला.

"तरीही. सांगावी."

वेंडेलिनने सांगितली. टोर्बेन म्हणाला, "आपण व्हर्जन सात वापरता? अजून?" जणू कुणी अजून बैलगाडीने दवाखान्यात आलंय. "माझा सल्ला असा, की आपण नवं मशीन घ्यावं."

"माझा सल्ला असा, की तू इथे येऊन बारा मुखवटे कोरावेस!"

"ते माझ्या कामात बसत नाही. मग असं करा, फाईल जुन्या व्हर्जनमधे सेव्ह करा. सोपं आहे."

सोपं होतं. रोझविथाने सेव्ह केली, मशीनने वाचली, कुरकुर केली नाही. दुसरा ठोकळा आवळला. या खेपेला सगळं चार मिनिटांत आटपलं, तेव्हाच खरं तर शंका यायला हवी होती. भल्याथोरल्या ठोकळ्याच्या मधोमध मशीनने ग्रेट कोरली होती. अगदी हुबेहूब! दात पडलेली, फिदीफिदी हसणारी. सुपारीएवढी. गालावरची चामखीळ मोहरीएवढी.

"नव्या व्हर्जनने इंच लिहिले असणार, जुन्याने मिलिमीटर वाचले," रोझविथा भिंगातून बघत म्हणाली. "पण काय गोड आहे रे!" तिने ती ग्रेट अलगद कापून घेतली आणि शिवणाच्या डब्यात ठेवली. वेंडेलिनने मात्र डोक्याला हात लावला. महिना संपत आला होता आणि हाताशी होती एक लिली, एक सुपारी.

पुन्हा टोर्बेन. "नमस्कार, आपली अडचण ऐकून मला..."

"पुरे! मिलिमीटरचं सांग!"

"सेव्ह करताना मापं या शब्दावर जा. मिलिमीटर निवडा. त्याखाली एक चौकट दिसेल, दिशा नव्या पद्धतीने ठेवायची की जुन्या, असं विचारेल. तिचं काही महत्त्व नाही. तशीच राहू द्या."

तशीच राहू दिली.

आणि तिसऱ्या खेपेला, काय सांगावं! संध्याकाळपर्यंत मशीनमधून ग्रेट बाहेर आली, अख्खी, माणसाच्या डोक्याएवढी. नाक तेच, हसू तेच, हनुवटीवरची सुरकुती तीच. वेंडेलिनने ती दोन्ही हातांत घेतली आणि त्याचे डोळे भरून आले. पण दोनदा तोंड पोळलं होतं, म्हणून तो स्वतःलाच म्हणाला, आधी तपासायचं!

तपासायची त्याच्या घराण्यातली पद्धत ठरलेली होती. मुखवटा हातात धरून जोखायचा नसतो. तो घालायचा आणि आरशात बघायचं. मुखवटा तोंडावर चढला की खरा बोलतो, असं बाप सांगायचा. वेंडेलिन ग्रेट घालून आरशासमोर उभा राहिला. चाळीस वर्षांत त्याने कधी भिंतीवरच्या मूळ ग्रेटकडे बघून ताडून पाहिलं नव्हतं, गरजच नव्हती. आज बघितलं. भिंत, आरसा. आरसा, भिंत. सुरकुतीला सुरकुती, चामखिळीला चामखीळ!

"रोझविथा!" मुखवट्याआडून तो ओरडला. "ये, बघ! आरशातली आणि भिंतीवरची, फरक दाखव आणि बक्षीस ने!"

रोझविथाने आरशात बघितलं, भिंतीकडे बघितलं. "नाही रे बाबा. तंतोतंत."

आरशात उजव्याचं डावं दिसतं, हे शाळेतल्या पोराला कळतं. आरशातली ग्रेट भिंतीवरच्या ग्रेटसारखी तंतोतंत दिसते, याचा अर्थ हातातली ग्रेट उलटी आहे, हेही त्याला कळलं असतं. पण या दोघांना त्या क्षणी इतकं हायसं वाटलं होतं, की त्यांना आरसा म्हणजे आरसा हेसुद्धा आठवलं नसतं. ज्या चौकटीचं काही महत्त्व नव्हतं, तिने ग्रेटची चामखीळ उजव्या गालावरून उचलून डाव्यावर नेऊन ठेवली होती.

तुम्ही म्हणाल, चाळीस वर्षं कोरणाऱ्या माणसाला हातात घेतल्यावर कळू नये? नाही कळलं! कारण चाळीस वर्षं तो कोऱ्या ठोकळ्यावर पहिली खूण करायचा ती चामखिळीची, पेन्सिलने. बोटं आपोआप त्या जागी जायची. उजवीकडे की डावीकडे हे ठाऊक होतं ते त्याच्या बोटांना. या वर्षी बोटांना कुणी विचारलंच नाही.

पुढचे पाच आठवडे त्या घरात मशीन चालत होतं आणि त्यासोबत भट्टीही. कारण आफ्राने गावभर करून ठेवलं होतं की रोझविथा तीन राजांच्या दिवसासाठी सगळ्या गावाची बिस्किटं करतेय, आवाज ऐकलाय मी! रस्त्यात लोक रोझविथाचे आधीच आभार मानायला लागले. मग काय करता? बदामाची, बडीशेपेची, जॅमची, अशी नऊशे बिस्किटं तिने भाजली. वेंडेलिन तिकडे वेगळीच मजुरी करत होता. मशीनने गुळगुळीत केलेल्या गालांवर तो दुखऱ्या बोटांनी छिन्नीचे टवके पाडत बसायचा, हातकाम वाटावं म्हणून! अंगठा वळायचा नाही, तर छिन्नी फडक्याने मनगटाला बांधायचा. स्वतःच्याच हाताची नक्कल करताना त्याला इतकं लाजिरवाणं वाटायचं, की तो खिडकीचा पडदा ओढून घ्यायचा.

रंग रोझविथाचा. ती चौतीस वर्षं वरच्या गावाच्या ग्रेट रंगवत आली होती आणि तिचं माहेर होतं खालचं गाव. लग्न होऊन आली तेव्हा सासूने पहिली अट घातली होती, चामखिळीकडे नीट लक्ष द्यायचं. तेव्हापासून दर मुखवट्याला तपकिरी कुंचला आधी डाव्या गालाकडे वळायचा आणि ती त्याला दटावून उजवीकडे आणायची. चौतीस वर्षं! या वर्षी मात्र कुंचला सरळ चामखिळीवर गेला. एकदा नव्हे, बाराही वेळा.

"वेंडेलिन," ती कुंचला धुताना म्हणाली, "मला वाटतं, मी शेवटी या गावची झाले."

"चौतीस वर्षांनी का होईना," वेंडेलिन म्हणाला. दोघं हसले. त्या हिवाळ्यातलं ते शेवटचं हसणं.

तीन राजांच्या दिवशी मंडळाचं सभागृह गच्च भरलं. पद्धतीप्रमाणे खालच्या गावाच्या मंडळालाही आमंत्रण होतं. यायचं, बसायचं आणि तोंड वाकडं करायचं, एवढ्यासाठी. त्यांचा अध्यक्ष झेवेरिन पुढच्याच रांगेत बसला होता. बिस्किटं फिरली, कोल्ह्याच्या शेपट्या फिरल्या, धूळ उडाली. मग ओटोकारने पुकारा केला, "वेंडेलिन फेरेनबाखर!"

वेंडेलिनने उजवा हात वर केला. बोटं पुरती सरळ होत नव्हती.

"लाकूड लिंडनचं, हात माझे, यंत्र नाही," तो म्हणाला, आणि शेवटचे दोन शब्द त्याने शिंकेत घालवायचा प्रयत्न केला, पण ते स्पष्ट ऐकू आले.

फडकं ओढलं. टेबलावर बारा ग्रेट फिदीफिदी हसत होत्या.

आधी टाळ्या सुरू झाल्या. मग त्या एकेक करत थांबल्या. मग इतकं शांत झालं की कुणीतरी बिस्किट चावलं ते ऐकू आलं. आफ्रा उठली, टेबलाजवळ गेली, वाकली आणि तिने स्वतःच्या गालाला हात लावून बघितला. आधी उजव्या, मग डाव्या.

"अगंबाई!" ती म्हणाली.

आणि पुढच्या रांगेतून कडकडून टाळ्या आल्या. झेवेरिन उभा राहिला होता. "शाब्बास, जावईबापू! चौतीस वर्षं लागली, पण सासुरवाडीचं ऋण फेडलंत!"

मग जे व्हायचं ते झालं. खुर्च्या सरकल्या, आवाज चढले. "घात केला!" "शपथ घेऊन घात!" "यात त्याचा काय दोष, बायको कुठली ते बघा!" "रंग कोण देतं? तीच ना!" "बिस्किटं देऊन तोंडं बंद करायला निघाली होती!" एका म्हाताऱ्याने तर अर्धं खाल्लेलं बिस्किट रोझविथाच्या पुढ्यात आणून ठेवलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता आणि ती त्या बारा चामखिळींकडे बघत होती. कुंचला सरळ का गेला ते तिला आता कळलं होतं. आपण या गावच्या झालो नव्हतो, हे तिला आख्ख्या गावाबरोबर कळलं.

वेंडेलिनला आपल्या नावाचं काय होईल ते सोसवलं असतं. तिचा तो चेहरा सोसवेना.

"थांबा!" तो ओरडला. "तिचा काही संबंध नाही! मी खोटी शपथ घेतली! मशीनने केलंय हे सगळं! सॉफ्टवेअर सात व्हर्जनचं, फाईल बारा व्हर्जनची, सेव्ह करताना एक चौकट असते..."

ओटोकार व्यासपीठावरून खाली आला आणि त्याने वेंडेलिनच्या खांद्यावर हात ठेवला. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"नको रे वेंडेलिन. असं नको."

"अरे खरं सांगतोय! मशीन माझ्या घरात आहे! चल, दाखवतो!"

"असेल. घेतलं असशील, जमलं नसेल." ओटोकारने एक मुखवटा उचलला आणि गालावरून अंगठा फिरवला. "हे टवके बघ. ही तुझी छिन्नी मी डोळे मिटून ओळखेन. मशीन असे टवके पाडतं का कधी? आणि मशीन या गालावरची चामखीळ त्या गालावर कशाला नेईल? मशीनला काय माहेर-सासर असतं? असली चूक माणूसच करतो. थकलेला माणूस."

"पण बोटं..."

"बोटांचं ठाऊक आहे आम्हाला. दोन वर्षं तू दोन हातांनी पेला उचलतोस, आम्ही आंधळे आहोत का? तुला वाईट वाटू नये म्हणून कुणी बोललं नाही. आज तर मी जाहीरच करणार होतो." ओटोकारने खिशातून कागद काढला. "मंडळाने ठरवलंय, पुढच्या वर्षीपासून शपथेतले शेवटचे दोन शब्द गाळायचे. आपण मशीन घेतोय. तुझे हात सुटावेत म्हणूनच घेतोय, वेड्या!"

म्हणजे पाच आठवडे पडदे ओढून बसायची गरज नव्हती. नऊशे बिस्किटांची नव्हती. खोट्या शपथेची तर मुळीच नव्हती. वेंडेलिन खुर्चीवर बसला, तो बराच वेळ उठला नाही.

ते बारा मुखवटे खालच्या गावाने आनंदाने नेले. फास्नेटच्या सोमवारी त्यांची मिरवणूक ओढ्यापर्यंत आली तेव्हा वरच्या गावातलेही लोक चोरून बघत होते आणि म्हणत होते, "काही म्हणा, हातकाम ते हातकाम!"

वरच्या गावात मंडळाचं मशीन आलं. मूळ ग्रेट ओटोकार स्वतः येऊन वेंडेलिनच्या भिंतीवरून घेऊन गेला, मोजमापासाठी. खिळा तेवढा राहिला. आणि मार्चमधे सत्कार झाला. चाळीस वर्षांच्या सेवेबद्दल वेंडेलिनच्या गळ्यात पदक घालायचं होतं. लाल फितीला लटकलेली छोटीशी लाकडी ग्रेट.

"नव्या मशीनवरची ही पहिली वस्तू!" ओटोकार अभिमानाने म्हणाला. "मशीन जुनं मिळालं, फाईल नवी, जरा अडलं होतं. पण कंपनीला फोन केला, तिथला तो टोर्बेन काय नम्र माणूस! पाच मिनिटांत सोडवलं. जुन्यात सेव्ह करा म्हणाला, खाली एक चौकट येते, तिचं काही महत्त्व नाही."

वेंडेलिनचे कान टवकारले. त्याने पदक हळूच उचलून बघितलं.

चामखीळ डाव्या गालावर होती.

त्याने तोंड उघडलं. समोर आख्खं गाव टाळ्या वाजवत होतं. पुढच्या रांगेत आफ्रा डोळे पुसत होती, शेवटच्या रांगेत रोझविथा एकटीच बसली होती. तिच्या शेजारच्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या होत्या. वेंडेलिनने तोंड मिटलं आणि मान लववून आभार मानले.

घरी आल्यावर रोझविथाने शिवणाच्या डब्यातली सुपारीएवढी ग्रेट काढली आणि पदकाशेजारी ठेवली. दोघी जुळ्या.

"सांगितलंस त्यांना?" तिने विचारलं.

"नाही."

"पुढच्या वर्षीचे मुखवटे अशाच फाईलने करतील ते. सगळे."

"सोळा आहेत," वेंडेलिन म्हणाला. त्याने कोट काढायला सुरुवात केली, बटणांपाशी अडला, तशी ती उठून आली. ती बटणं काढत असताना तो तिच्या डोक्यावरून त्या रिकाम्या खिळ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "सहा जानेवारीला जरा लवकर निघू, काय? झेवेरिनच्या शेजारच्या दोन खुर्च्या धरून ठेवायच्या आहेत."